चहा सांडलेला लॅपटॉप पुन्हा चालू झाला, आता पुढे काय?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. काल रात्री लॅपटॉप चालू होता, चार्जर लावलेला होता आणि अर्धा कप दुधाचा, साखर घातलेला चहा कीबोर्डवर सांडला. तुम्ही कपड्याने टिपून घेतलं, शटडाउन केलं, उलटा धरून निथळलं आणि रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवलं. सकाळी बटण दाबलं तर चालू झाला. फक्त ‘एल’ आणि एंटर या कळा चिकटतात. एम.ए.चा प्रबंध त्यातच आहे, दुसरी प्रत कुठेही नाही. तांदळात अजून किती दिवस ठेवू, असं तुम्ही विचारलंय.

आधी तो बंद करा. चार्जर काढा, पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवा, सगळे दिवे विझल्याची खात्री करा आणि पुढचं मोबाइलवर वाचा. काल रात्री घाईत केलेल्या बहुतेक गोष्टी बरोबरच होत्या. सकाळी पुन्हा चालू केला, ही मोठी चूक झाली, पण ती अजून सुधारण्यासारखी आहे.

कोल्हापुरात मी सतरा वर्षं लॅपटॉपचे बोर्ड, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटच्या पाट्या, दुरुस्त करतोय. पावसाळा असो वा परीक्षांचे दिवस, माझ्या टेबलावर चहा सांडलेलं एखादं मशीन असतंच. त्या अनुभवावरून सांगतो, ‘किती दिवस वाळवू’ या प्रश्नाने तुमचं काम होणार नाही. आत काय राहिलंय आणि त्यातून वीज वाहते आहे का, हे दोन प्रश्न विचारायला हवेत.

चहातलं पाणी आज ना उद्या उडून जाईल. साखर, दुधातले घटक आणि नळाच्या पाण्यातले क्षार मात्र बोर्डावरच राहतात. साखरेचा पाक आटल्यावर पातेल्याला जसा चिकटून बसतो, तसा हा थर बसतो. तांदळाला तो काढता येत नाही. खरं तर तांदूळ पाणीही फारसं ओढत नाही, कारण तो बाहेर असतो आणि ओल आत, पत्र्याखाली आणि चिपच्या पोटात असते. टेबलावर पंख्याखाली उघडा ठेवलेला लॅपटॉप तांदळातल्यापेक्षा लवकर वाळतो. वर तांदळाची भुकटी पोर्टमध्ये शिरते. चार्जिंगच्या पोर्टमधून चिमट्याने तांदळाचा दाणा काढायची वेळ माझ्यावर अनेकदा आली आहे. तेव्हा तो डब्यातून बाहेर काढा आणि पोर्टमध्ये काही अडकलंय का, ते टॉर्चच्या उजेडात पाहून घ्या.

हा थर नुसता बसून राहिला असता तर फार बिघडलं नसतं. पण साखर हवेतली ओल शोषते. मार्चमध्ये सांडलेला, वाळवलेला, तीन महिने नीट चाललेला लॅपटॉप जूनचा पहिला पाऊस पडला की बंद पडतो, याचं कारण हेच. हवा दमट झाली की कोरडा थर पुन्हा ओलसर होतो आणि वीज वाहू देऊ लागतो. गिऱ्हाईक सांगतं, ‘काल तर काहीच झालं नव्हतं.’ ते खरंच असतं. जे झालं ते तीन महिन्यांपूर्वी झालेलं असतं.

आता विजेबद्दल, कारण मुख्य नुकसान तिच्यामुळे होतं. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, हे घरात आजी असेल तर तुम्हाला माहीत असेल. धातू आणि आंबट यांची प्रक्रिया होते आणि हिरवट डाग पडतात. बोर्डावर तांब्याच्याच पट्ट्या असतात. वर लाखेचा पातळ थर असतो, पण पार्ट जिथे जोडलेले असतात तिथे धातू उघडा असतो. भांडं कळकायला रात्र लागते. बोर्डावर हीच क्रिया फार वेगाने होते, कारण तिथे बाहेरून व्होल्टेज दिलेलं असतं. ओल्या थरातून वीज वाहू लागली की धन बाजूचं तांबं विरघळून ऋण बाजूकडे सरकतं आणि तिथे केसासारख्या बारीक फांद्या वाढतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या स्पष्ट दिसतात. ज्या पार्टांमधून त्या वाढतात ते खसखशीच्या दाण्याएवढे, कधी त्याहून लहान असतात. दोन टोकांत अर्धा मिलिमीटर अंतर असेल तर फांदीला कितीसा वेळ लागणार? काही तासांत शॉर्ट होतो, नाहीतर तांब्याची पट्टी खाऊन तुटते. मग मोरचुदासारखा निळा-हिरवा थर दिसतो.

‘पण मी शटडाउन केला होता’ असं बरेच जण म्हणतात. शटडाउन केल्यावर विंडोज बंद होतं. बोर्ड पूर्ण बंद होत नाही. बॅटरी आत जोडलेलीच असते आणि मॉडेलप्रमाणे सात ते पंधरा व्होल्टच्या आसपास वीज बोर्डावर येत राहते. पॉवरच्या बटणावर, झाकणावर आणि चार्जरवर लक्ष ठेवणारी एक छोटी चिप सतत जागी असते आणि तिला लागणारा सप्लाय चालू असतो. म्हणजे काल रात्रभर तांदळाच्या डब्यात ओल होती, साखर होती आणि वीजही होती. झाकण नुसतं मिटणं तर याहून वाईट, कारण तेव्हा मशीन फक्त झोपलेलं असतं. काही लॅपटॉप झाकण उघडताच आपोआप चालूही होतात, हेही लक्षात ठेवा.

विजेचा हात यात किती मोठा आहे, हे मला २०१९च्या ऑगस्टमध्ये नीट कळलं. पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं होतं. पाणी ओसरल्यावर आमच्याकडे चिखलाने भरलेली मशीनं आली. काही दोन-दोन दिवस पाण्याखाली होती. त्यांतली जी पूर आला तेव्हा बंद होती आणि ज्यांना वीज मिळतच नव्हती, ती आम्ही खोलली, चिखल धुऊन काढला, डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा धुतली, आठवडाभर सुकवली. त्यांतली बरीच उठली. त्याच महिन्यात अर्धा कप कॉफी सांडलेला एक लॅपटॉप आला होता. तो चार दिवस तसाच वापरला गेला होता. तो बोर्ड आम्हाला वाचवता आला नाही. पुरात बुडालेलं मशीन वाचलं आणि अर्ध्या कपाचं गेलं. बॅटरी आधी सोडवण्याचा मी जो हट्ट धरतो, तो तेव्हापासून.

तुमच्या लॅपटॉपबद्दल मी इथून ठाम सांगू शकत नाही, कारण काही गोष्टी पाहिल्याशिवाय कळत नाहीत. चहा कीबोर्डच्या कोणत्या भागावर सांडला? उजव्या बाजूला सांडला असं कळांवरून वाटतं, पण त्याच्या खाली बोर्ड आहे, पंखा आहे की नुसती बॅटरी, हे मॉडेलवर ठरतं. काही कीबोर्डांखाली प्लॅस्टिकचा अखंड पडदा असतो आणि चहा त्यावरच अडतो. काही व्यावसायिक मॉडेलांमध्ये पाणी खाली निघून जायला भोकं ठेवलेली असतात. काहींमध्ये अशी काहीच सोय नसते. म्हणजे नुसता कीबोर्ड चिकट झालेला असू शकतो, किंवा बोर्ड आता आतून कळकायला लागलेला असू शकतो. मशीन चालू झालं यावरून यातलं काय खरं, ते ठरत नाही. म्हणून खोलून पाहायचं.

त्याआधी प्रबंध. खालचं झाकण काढल्यावर बहुतेक विंडोज लॅपटॉपांत एसएसडी, म्हणजे फाइल जिथे साठतात तो भाग, च्युइंगगमच्या पट्टीएवढी, एका स्क्रूने बसवलेली असते. ती सुटी निघत असेल तर तुमची काळजी बरीच मिटली. ती काढून यूएसबीच्या एनक्लोजरमध्ये, म्हणजे बाहेरून जोडायच्या डबीत, घालायची आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून फाइल उतरवायच्या. ओल्या मशीनवर एक सेकंदही वीज द्यावी लागत नाही. दुसरा कॉम्प्युटर बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला लावलेल्या विंडोजच्या कुलपाची, रिकव्हरी की मागू शकतो. ती ४८ अंकी असते आणि विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलेलं असेल तर बहुधा त्या खात्यात जपलेली असते. मोबाइलवरून खातं उघडून ती आजच शोधून कागदावर उतरवून ठेवा.

एसएसडी बोर्डावरच जोडलेली असेल, जशी गेल्या काही वर्षांच्या सगळ्या मॅकबुकांत आणि काही पातळ विंडोज लॅपटॉपांत असते, तर निर्णय अवघड होतो. ‘आत्ता चालतोय तर पटकन फाइल पेनड्राइव्हवर घेऊ का?’ असं मन म्हणणार. इथे दुकानदारांतही मतभेद आहेत. मी नको म्हणतो. बोर्ड गेला तर अशा मशीनमधला डेटाही त्याच्याबरोबर जातो, आणि साफ करण्याआधी दिलेली वीज बोर्डाला सगळ्यात जास्त धोका देते. धुऊन, तपासून मग चालू केलेल्या बोर्डाकडून डेटा मिळण्याची शक्यता जास्त असते. दोन दिवस कळ काढावी लागेल. प्रबंधाची तारीख उद्याची असेल तर मार्गदर्शकांना आज फोन करा. तुम्ही त्यांना ईमेलने पाठवलेली जुनी प्रकरणंही शोधा, ती अनेकदा आठवणीपेक्षा नवी निघतात.

आता खोलण्याकडे येतो. लॅपटॉप वॉरंटीत असेल आणि घेताना अपघाती नुकसानीचं संरक्षण वेगळे पैसे देऊन घेतलं असेल, तर स्वतः खोलू नका. कंपनीला फोन करा आणि चहा सांडला हे खरं सांगा. साध्या वॉरंटीत द्रव सांडल्याचं नुकसान येत नाही. अनेक मॉडेलांत आत छोटे पांढरे स्टिकर असतात, ते पाणी लागलं की लाल होतात, त्यामुळे लपवून काही साधत नाही. असं संरक्षण नसेल तर आजच, फार तर उद्या, बोर्डावर काम करणाऱ्या दुकानात न्या.

दुकान निवडताना एकच प्रश्न विचारा: ‘बोर्ड बाहेर काढून धुणार का?’ ‘ड्रायरने सुकवून देतो’ किंवा ‘दोन दिवस ठेवून बघू’ असं उत्तर आलं तर आभार मानून पुढच्या दुकानात जा. हेअर ड्रायरने ओल आणखी आत ढकलली जाते आणि साखर जागच्या जागी भाजून पक्की होते. आम्ही काय करतो ते सांगतो, म्हणजे समोरचा काय बोलतोय ते तुम्हाला समजेल. आधी बॅटरीचा कनेक्टर काढतो, मग बोर्ड पूर्ण बाहेर. हीटसिंक, पंखा, स्पीकर वेगळे करतो. बोर्डावर चिकटवलेले पत्र्याचे कव्हर काढतो, कारण चहा त्यांच्याखालीच लपून बसतो. मग कोमट डिस्टिल्ड वॉटर, बोर्ड धुण्याचं द्रावण आणि मऊ ब्रश. जास्त खराब असेल तर अल्ट्रासॉनिक क्लीनरमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींनी मळ सोडवणाऱ्या यंत्रात. नंतर पुन्हा डिस्टिल्ड वॉटर, आणि शेवटी ९९ टक्के आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. सुकल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कोपरा पाहतो, मल्टिमीटरने शॉर्ट तपासतो, आणि मगच, करंट किती जातो हे दाखवणाऱ्या पॉवर सप्लायवर पहिली वीज देतो.

या क्रमातल्या एका गोष्टीवर मी थांबणार आहे, कारण कितीतरी दुकानं तिथेच चुकतात. नुसत्या आयपीएने साखर निघत नाही. साखर पाण्यात विरघळते, अल्कोहोलमध्ये जवळजवळ नाही. गोड चहाच्या बोर्डावर थेट आयपीए ओतला की पाणी उडतं, बोर्ड चकाचक दिसतो आणि साखर चिपखाली तशीच राहते. म्हणून आधी पाणी, तेही क्षार नसलेलं, आणि मग ते पाणी हटवायला आयपीए. लॅपटॉप पाण्याने धुवायचा हे ऐकून लोक दचकतात. पण बॅटरी आणि बोर्डातली बटणाएवढी तीन व्होल्टची सीआर२०३२ सेल, दोन्ही काढलेल्या असताना स्वच्छ पाण्याने बोर्डाचं काही बिघडत नाही. तो पूर्ण सुकण्याआधी वीज दिली तर बिघडतं.

गावात असं दुकान नसेल आणि तुमच्या हाताला स्क्रू-ड्रायव्हरची सवय असेल तर निदान पहिला टप्पा घरी करता येईल. तुमच्या मॉडेलचं खोलण्याचं चित्रण आधी पूर्ण पाहा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कागदावर लॅपटॉपची आकृती काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी टेपने चिकटवा. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो बोर्डात घुसतो. झाकणाच्या कडा जुन्या एटीएम कार्डाने हळूहळू सोडवा. बॅटरीचा कनेक्टर नखाने किंवा प्लॅस्टिकने काढा, धातूने नको. बॅटरी फुगलेली दिसली, गरम लागली किंवा गोडसर उग्र वास आला तर तिला हात लावू नका, मशीन उघड्यावर, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि जाणकाराला बोलवा. बॅटरी टोचणं किंवा वाकवणं घरात आग लावण्यासारखं आहे.

बॅटरी सुटली की निम्मं काम झालं. आता तुमच्याकडे वेळ आहे. एसएसडी काढा, फोटो घ्या, चहाचे डाग कुठे आहेत ते पाहा. बोर्ड कोरडा आणि स्वच्छ असेल, डाग फक्त कीबोर्डच्या मागे असतील, तर नशीब चांगलं. बोर्डावर तपकिरी ओघळ दिसले तर तिथेच थांबून पार्सलने का होईना, दुकानाकडे पाठवा. एखादा छोटा डाग स्वतः पुसायचा असेल तर इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ टूथब्रश, आणि त्यानंतर आयपीए वापरा. हाताला लावायचं सॅनिटायझर वापरू नका. त्यात बरंच पाणी असतं आणि अनेकांत ग्लिसरीनही, ते चिकट थर सोडतं. आयपीए पेट घेतो, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि जवळ देवघरातलं निरांजनसुद्धा नको.

कीबोर्डबद्दल फार आशा धरू नका. आत प्लॅस्टिकच्या पातळ चादरींवर छापलेल्या रेषा असतात, त्यांत साखर शिरली की पूर्ण निघत नाही. दोन कळा चिकटत असतील तर वरची टोपी काढून पुसल्यावर काही दिवस बरं वाटेल. आज दोन कळा, पुढच्या आठवड्यात त्यांच्याच ओळीतल्या आणखी चार, असं अनेकदा होतं. एखादी कळ आपोआप दाबली जाऊ लागली तर पासवर्डही टाकता येत नाही. पॉवरचं बटण त्याच कीबोर्डात असेल तर मशीन स्वतःहून चालू-बंद व्हायला लागतं. कीबोर्ड बदलणं हा या सगळ्यातला स्वस्त भाग आहे. काही मॉडेलांत मात्र तो वरच्या पॅनेलला प्लॅस्टिकच्या अनेक टाचण्यांनी वितळवून बसवलेला असतो. तिथे पूर्ण पॅनेलच बदलावं लागतं आणि खर्च वाढतो. तोवर यूएसबीचा बाहेरचा कीबोर्ड लावून काम भागतं, पण बोर्ड धुऊन झाल्यावरच.

हे वाचणाऱ्या आणखी कोणाच्या टेबलावर आत्ता, या क्षणी चहा सांडलेला असेल, तर त्यांच्यासाठी क्रम वेगळा. चार्जर भिंतीच्या बटणावर बंद करायचा, मग पिन काढायची. टाइप-सी चार्जिंगच्या पोर्टमध्ये तर बहुधा वीस व्होल्टपर्यंतच्या पिना आणि नाजूक संदेशाच्या पिना शेजारी-शेजारी असतात, ओला पोर्ट आणि चालू चार्जर ही जोडी फार नुकसान करते. फाइल सेव्ह करत बसू नका, पॉवरचं बटण दाबून धरा आणि जबरदस्तीने बंद करा. सांडलेलं टिपून घ्या, चोळू नका. मग झाकण पूर्ण उघडून, कीबोर्ड खाली आणि स्क्रीन खाली लोंबता, तंबूसारखं टॉवेलवर टेकवा, म्हणजे बोर्डाकडे जाणारा द्रव कीबोर्डमधूनच परत बाहेर येईल. कीबोर्डखाली निचऱ्याची भोकं असलेलं मॉडेल असेल तर उलटं करण्याआधी ते सरळच ठेवून खालून निथळू द्या. यानंतर चालू करून बघायचं नाही. ‘एकदाच बघतो’ हेच सगळ्यात महाग पडतं.

द्रव कोणता, यानेही फरक पडतो. साधं पिण्याचं पाणी थोडंसं, तेही लगेच वीज तोडलेली असेल तर बहुधा निभावतं. कोरा बिनसाखरेचा चहा त्याच्या जवळचाच. दूध-साखरेचा चहा, कोकम सरबत, लिंबू सरबत, कोला यांत साखर आहे आणि शेवटच्या तिघांत आम्लही, तिथे धुण्याला पर्याय नाही. समुद्राचं पाणी सगळ्यात वाईट, तिथे तास मोजावे लागतात.

खर्च करावा की नाही, हेही तुम्ही पुढे विचाराल. मशीन तीन वर्षांच्या आतलं असेल तर बोर्ड धुऊन घेणं जवळजवळ नेहमीच परवडतं, कारण ते मेहनतीचं काम आहे, पार्टांचं नाही. आठ वर्षांचं असेल आणि बोर्डावर चिपाच गेल्या असतील तर मी गिऱ्हाइकाला एसएसडी हातात देतो आणि पैसे नव्या मशीनसाठी ठेवायला सांगतो. धुऊन सुरू झालेलं मशीनही पहिले दोन महिने जपून वापरा. रोज रात्री प्रबंधाची प्रत दुसरीकडे ठेवा, चार्ज होताना एकटं सोडू नका, बॅटरीजवळ फुगवटा येतो का ते बघत राहा.

तुमच्या लॅपटॉपच्या खालच्या बाजूला स्टिकरवर मॉडेल नंबर असेल. तो कळवलात तर एसएसडी सुटी निघते का आणि बॅटरीचा कनेक्टर कुठे आहे, ते मी पाहून सांगतो. तोवर चार्जर लावू नका.